तायी कार्डावर नसलेली भाजी

गर्भवतीची पहिली नोंद करताना एक प्रश्न ठरलेला असतो : काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं? संतपूरच्या आसपासच्या खेड्यांत आणि तांड्यांवर आरोग्यसेविका म्हणून फिरताना हा प्रश्न मी इतक्या जणींना विचारला की उत्तर मला आधीच माहीत असायचं. चहा, भाकरी, वरण, पुन्हा चहा. भाजी? "भाजी कुठली माय, आज बाजार कुठं होता?" मग मी उठून चुलीजवळ जायची. झाकण काढलं की पातेल्यात तरोट्याचं गरगटं, नाहीतर डाळ घालून केलेला तांदुळजा. "मग हे काय?" "ते व्हय? ते कशाची भाजी नर्सबाई, पाला हाय रानातला."

बाजारातून पैसे देऊन आणली तर ती भाजी. खुरपताना ओट्यात खुडून आणला तर तो पाला. हा भेद इतका पक्का आहे की बाई तो पाला मोजतच नाही. त्यात लाजही असते. १९७२ च्या दुष्काळात या भागातल्या कितीतरी घरांनी तरोट्यावर दिवस काढले. ज्या म्हाताऱ्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या मनात ही भाजी आणि गरिबी एकत्र बसलेली आहेत, आणि सुनांनी ती लाज सासवांकडूनच घेतली आहे. पाहुणे आले की बटाटा आणायचा, पाला लपवायचा. कर्नाटकात गर्भवतीला जे 'तायी कार्ड' मिळतं त्यावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या सगळ्याला जागा आहे. बाई रोज खाते तो पाला मात्र तिथं कुठं लिहायचा, हे कुणी ठरवलेलं नाही. मी समासात लिहायला लागले.

संतपूर बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात येतं. बीदरहून औरादकडे निघालं की मांजरा ओलांडावी लागते आणि पुढं काळं रान लागतं : तूर, मूग, उडीद, ज्वारी आणि आता जिकडं तिकडं सोयाबीन. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर आजच्या महाराष्ट्राकडं गेले आणि आम्ही कर्नाटकाकडं राहिलो. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. एकाच गल्लीत मराठी, कानडी, दख्खनी आणि लंबाणी बोलली जाते, शेजारच्या गावात तेलुगू. आमची पाथरी कानडी घरात हत्तरकी होते, आमची घोळ तेलंगणात गंगवायली. खाण्याची रीत सगळ्यांची जवळपास सारखीच.

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की बांधाला, गावठाणाला, रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो. दोन-तीन जोड्या पानं आली की खुडायचा. नंतर तो उग्र लागतो. उकडून पाणी ओतून द्यायचं, पिळायचा, लसूण-मिरचीची फोडणी, वर मुगाची डाळ किंवा शेंगदाण्याचं कूट. पावसाच्या सुरुवातीला पोटं बिघडतात, तेव्हा "पोट साफ करतो" म्हणून तो खातात, आणि ते खरंच आहे, कारण त्यात सौम्य रेचक द्रव्यं आहेत. आयुर्वेदात तो चक्रमर्द म्हणून नायट्यावर सांगितला आहे. गावात त्याचं बी ताकात वाटून नायट्याला लावतात. तरोट्यातल्या क्रायसोफॅनॉलसारख्या द्रव्यांचा बुरशीवर परिणाम होतो, हे प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे. नायट्याचं मला वेगळंच दुःख आहे. आज बाई बी वाटत बसत नाही, दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणते. खाज दोन दिवसांत थांबते, नायटा मात्र आतून पसरत राहतो. मांडीपासून पोटापर्यंत पसरलेले, वर्ष-वर्ष न हटणारे नायटे मी अशाच घरांत पाहिले. ताकात वाटलेल्या बियांनी इतका जुनाट नायटा बरा होईल असं मी म्हणणार नाही, त्याला डॉक्टरांचं बुरशीनाशक औषधच लागतं. पण त्या बियांनी नायट्याचं एवढं वाटोळं कधी केलं नव्हतं.

माझ्या कामात या पाल्याचा सगळ्यांत मोठा उपयोग मला कुठल्याही ग्रंथात सापडला नाही. तो मला बायकांनी दाखवला.

गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी द्यायची, १८० दिवस. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरायचा, आणि आमच्याकडं ८-९ वर आलेल्या बायका नेहमीच्याच. गोळ्या फुकट मिळतात, घरपोच मिळतात, तरी पाकिटं पत्र्याच्या डब्यात तशीच पडलेली सापडतात. कारण विचारलं की आधी "विसरले" म्हणतात. जवळ बसून, सासू बाहेर गेल्यावर विचारलं की खरं कळतं : संडासला होत नाही. गोळीने शौचाला काळी आणि घट्ट होते. ज्या घरात संडास नाही, पहाटे अंधारात बाहेर जावं लागतं, तिथं हा त्रास किती मोठा आहे हे कागदावर कळत नाही.

एका तांड्यावरच्या दोघी जावा गोळ्या न चुकता घेत होत्या. थोरलीनं सांगितलं, "गोळी घेतलेल्या दिशी पाला खातो आमी, मग कोठा धरत न्हाई." तांदुळजा, घोळ, केना, जे मिळेल ते. एवढंच. पुढं मी हेच प्रत्येक घरी सांगू लागले आणि डब्यात पडून राहणारी पाकिटं कमी झाली. गरोदर बाईला मी तरोट्यापेक्षा तांदुळजा सांगे, कारण तरोटा पोट जास्त ढिलं करतो. सोबत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा बोलायची. भाजी लोखंडी कढईत करा, त्यातून थोडं लोह उतरतं. भाजीत आंबट असू द्या : अंबाडी, चुका, वरून लिंबू, कारण पाल्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. आणि जेवण झाल्याबरोबर चहा घेऊ नका, चहा ते लोह अडवतो. पहिल्या दोन गोष्टी म्हाताऱ्यांना पटवाव्या लागल्या नाहीत. तिसरी अजून कुणाला पटलेली नाही.

पाल्यानं गोळी वाचते, असं मात्र मी कधी सांगितलं नाही. पाल्यातलं लोह शरीर थोडंच शोषतं. आठवर आलेलं रक्त नुसत्या तांदुळजानं अकरावर जात नाही. गोळी हवी आणि पालाही हवा. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था माणशी रोज १०० ग्रॅम पालेभाजी खायला सांगते. संतपूरच्या बाजारातून रोज एवढी भाजी घेणं मजुराच्या घराला परवडत नाही. पावसाळ्यात ती बांधावरून फुकट येते. फॉलेट, कॅल्शियम, अ जीवनसत्त्वासाठी लागणारं कॅरोटिन, हे सगळं त्या ओट्यातून घरी येतं.

बाळंतिणीच्या घरात वेगळा पेच असतो. तिला हिरवी भाजी दिली की बाळाला हिरवी शी होते, अशी समजूत सर्वत्र आहे. म्हणून सव्वा महिना शेपू आणि मेथी सोडली तर हिरवं काही ताटात येत नाही. या समजुतीशी भांडून उपयोग नव्हता. पण पाथरीला मात्र मुभा होती, कारण पाथरीनं दूध येतं असं सगळ्याच म्हणतात. गाई-म्हशींनाही ती त्याच कारणानं घालतात. पानं तोडली की पांढरा चीक निघतो, चवीला किंचित कडू. कांदा, शेंगदाण्याचं कूट, तेल-तिखट घालून तिचा घोळाणा करतात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर कच्चीच खातात. दूध वाढतं ते बाळ वारंवार अंगावर घेतल्यानं, हे मी प्रत्येकीला सांगायची. पण पाथरीच्या निमित्तानं बाळंतीण भाकरी, कांदा, शेंगदाणे पोटभर खाते, आणि कच्च्या पानांतलं क जीवनसत्त्व न शिजता तिला मिळतं. म्हणून पाथरीची मुभा मी सगळ्या घरांत वापरली. ज्या सासूला "पालक द्या" म्हटलेलं चालत नसे, ती पाथरी स्वतः खुडून आणायची.

घोळ उन्हाळ्यातही ओलीला मिळते. लघवीच्या जळजळीला, मूळव्याधीला, उन्हाळी लागल्यावर ती देतात. ओमेगा-३ जातीचं मेदाम्ल या मांसल पानांत इतर पालेभाज्यांपेक्षा जास्त असतं, हे आता बाहेरचं जगही सांगू लागलं आहे. तिच्यात ऑक्झॅलेटही पुष्कळ असतं, म्हणून मुतखडा असलेल्यानं रोज खाऊ नये. अशा माणसाला उकडून पाणी टाकून, क्वचित.

आणि हरभऱ्याची आंब. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या झाडांवर जे आंबट दव जमतं त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. रात्री झाडांवर धुतलेलं पातळ फडकं पसरायचं, सकाळी पिळून बाटलीत भरायचं. अपचनाला, पोटदुखीला चमचाभर पाण्यातून देतात. आता आंब धरणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली. जुनी माणसं पटकीतही आंब देत, असं सांगतात. जुलाब-उलट्यांना मात्र ओआरएस आणि झिंकच, तिथं मी आंबेला हात लावू दिला नाही.

हिवाळ्यातला मोठा दिवस येळवशीचा. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गी या पट्ट्यात सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, आंबील, उंडे, आणि सगळ्यांत महत्त्वाची भज्जी. तिच्यात चाकवत, चुका, मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा पाला, तुरीचे-वालाचे ओले दाणे, बेसन, चिंच. किती प्रकार घातले यावर घराची प्रतिष्ठा ठरते. बटाट्यामागं पाला लपवणारं घर त्या दिवशी तोच पाला अभिमानानं वाढतं. गर्भवतींच्या बैठकीत मला पालेभाजीवर बोलायचं असलं की मी येळवशीच्या भज्जीपासून सुरुवात करायची. मग कुणी मान खाली घालत नसे.

हे सगळं सांगताना एक धोकाही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. हल्ली मोबाईलवर रानभाज्यांचं फार कौतुक येतं, आणि ज्यांनी कधी खुरपं धरलेलं नाही असे लोक कशालाही तरोटा समजून खुडतात. तरोट्याच्या जातीचाच कासविंदा बांधावर शेजारी उभा असतो. तरोट्याच्या पानात बहुधा तीन जोड्या, टोकाला गोलसर. कासविंद्याच्या पानात चार-पाच जोड्या, टोकदार, चुरगाळलं की घाण वास. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर भागात वर्षानुवर्षं लहान मुलं गूढ मेंदूज्वरानं मरत होती. डॉ. विपिन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिलं की तो मेंदूज्वर नव्हताच. मुलांनी खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या शेंगा-बियांचं ते विष होतं. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर जाणारं. आमच्या म्हाताऱ्यांना विषाचं हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण "वास आला की टाक" हे नातीला शिकवलेलं होतं. घोळीचंही तसंच : देठ मोडल्यावर पाणी आलं तर घोळ, दूध आलं तर दुसरंच काहीतरी. हे डोळे आणि नाक पिढीनं पिढीला दिलेलं शिक्षण आहे, व्हिडिओत ते येत नाही.

दुसरा धोका अधिक मोठा. पाला अन्न म्हणून खाणं आणि पाल्यावर विसंबून रोगाशी झुंजणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आठव्या महिन्यातली एक पोर. डोळे पिवळे, लघवी पिवळी. घरच्यांनी काविळीची माळ घातली, कुठल्याशा पाल्याचा रस नाकात सोडला, आणि माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरेल म्हणून वाट पाहत बसले. मी पोचले तेव्हा ती नीट उत्तरं देत नव्हती. १०८ बोलावून बीदरला नेलं. ती वाचली, बाळ वाचलं नाही. दूषित पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांची आपोआप बरी होते. म्हणूनच माळेला आणि रसाला यश येतं. पण तीच कावीळ शेवटच्या तिमाहीतल्या बाईचा जीव घेऊ शकते. अशा दर चार-पाच जणींतली एक दगावू शकते. साप चावल्यावरही असंच. कडुलिंबाचा पाला कडू लागतो की गोड याची परीक्षा घेण्यात जी वीस मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत. माझं मत मी कधी मऊ शब्दांत सांगितलं नाही : ताटातला पाला माझा, नाकातला रस माझा नाही.

आता ताटातलाच पाला जातो आहे, आणि त्याचं कारण शेतात आहे. सोयाबीन वाढलं तसं तणनाशक वाढलं. पूर्वी खुरपणीला दहा-बारा बाया एका रानात लागत. त्यांची मजुरी, त्यांचा दिवसभराचा सहवास, आणि संध्याकाळी ओट्यात भरून घरी आलेली भाजी, तिन्ही एकाच कामातून यायचं. आता पाठीवर पंप घेतलेला एक माणूस सकाळी तेवढं रान संपवतो. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. मजूर मिळत नाहीत, खुरपणीचा खर्च पेलत नाही, हे मी त्यांच्या घरात बसून ऐकलेलं आहे. पण गेलं ते बाईचंच गेलं. थोरलीकडून धाकटीनं कुठला पाला खुडायचा आणि काय सोडायचं हे शिकायची शाळाच खुरपणीच्या ओळीत होती.

त्यात फवारलेल्या रानाच्या कडेचा पाला कळत नाही. दोन-तीन दिवस तो हिरवागारच दिसतो. एका घरात सगळ्यांना एकदम मळमळ आणि उलट्या झाल्या तेव्हा भाजी कुठून खुडली हे विचारत गेले, तर रान दोनच दिवसांपूर्वी फवारलेलं निघालं. त्या बाईला ते कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची रीतच नाही. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घातले. बांधावरची जळालेली पिवळी पट्टी मात्र दर पावसाळ्यात दिसते. बांध जळाला की मोकळ्या जागेत गाजरगवत आधी येतं. त्या गाजरगवताला दाबून टाकण्यासाठी कृषितज्ज्ञ ज्या वनस्पती पेरायला सांगतात त्यांत तरोटाही आहे.

आमच्या शेजारीच यातून वेगळी वाट दाखवणारे लोक आहेत. तेलंगणातल्या जहीराबादजवळ पस्तापूर इथं १९८३ साली सुरू झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीत दलित शेतकरी बायकांनी स्वतःचं बी जपलं. आणि न पेरता उगवणारा पाला हे तण नसून पीकच आहे, असं जाहीरपणे सांगितलं. त्यांच्याबरोबर आयुष्यभर उभे राहिलेले पी. व्ही. सतीश २०२३ च्या मार्चमध्ये गेले. बैलगाड्यांत बियाणं मांडून त्या बाया दरवर्षी गावोगाव जातरा नेतात. गुलबर्गा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी बीदर जिल्ह्यातल्या वैदूंकडची औषधी झाडांची माहिती नोंदवून ठेवली आहे. महाराष्ट्राचा कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, उदगीरकडचे पाहुणे त्याबद्दल सांगतात. या सगळ्याचा मला आनंद आहे. पण वैदू बहुतेक पुरुष असतात आणि ते औषधाची मुळी-साल सांगतात. रोजच्या ताटातलं ज्ञान ज्या बाईकडं आहे तिच्याकडं वही घेऊन फारसं कुणी जात नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही सक्तीची केली आहे. आपल्या गावची वही एकदा मागून बघा. त्यात बांधावरच्या पाल्याची पानं कोरी असतील, किंवा नुसती लॅटिन नावं असतील, तर खुरपणीला जाणाऱ्या चार म्हाताऱ्यांना पंचायतीत खुर्चीवर बसवा. त्या सांगतील ते मराठीत, कानडीत, लंबाणीत, जसं येईल तसं लिहा : कुठला पाला, कधी खुडायचा, कुणाला द्यायचा, कुणाला नाही, आणि कशाचा वास आला की टाकायचं.

आणि शेतकरी भावांनो, पिकात काय फवारायचं ते तुम्ही ठरवा. बांध मात्र सोडा. फवारलंच तर रानाच्या तोंडाशी काठीला लाल चिंधी बांधा आणि खुरपणीच्या बायांना सांगा, म्हणजे पुढचे पंधरा दिवस त्या रानातलं कुणी खुडणार नाही.

आशा कार्यकर्त्या आणि नव्या आरोग्यसेविकांना एवढंच सांगणं आहे : "भाजी खाल्ली का?" असं विचारू नका. "पाला कोणता केला होता?" असं विचारा, आणि उत्तर कार्डावर लिहा.